चौदा गोळ्यांची चिठ्ठी

आमच्या घरात दवाखान्याची चिठ्ठी कोणी फेकत नाही. कपाटाच्या खालच्या खणात एक्सरेची एक जुनी पिशवी आहे, तिच्यात सगळ्या चिठ्ठ्या कोंबलेल्या असतात. गेल्या आषाढात धाकट्या नातवाला जुलाब लागले. सव्वा वर्षाचं पोर, दुपारपर्यंत सात वेळा पाण्यासारखी शी झाली आणि डोळे आत गेल्यासारखे दिसायला लागले. सुनेबरोबर मीही दवाखान्यात गेले. बालरोगतज्ज्ञ बाई तरुण होत्या. त्यांनी बाळाच्या पोटाची कातडी चिमटीत धरून सोडली, जीभ पाहिली, शेवटची लघवी कधी झाली ते विचारलं, त्याला वाटीतून पाणी पाजून पाहिलं आणि चिठ्ठीवर दोन ओळी लिहिल्या. ओआरएस. झिंक २० मिलिग्रॅम, रोज एक गोळी, १४ दिवस.

"एवढंच?"

हे माझ्या तोंडून निघालं. सून गप्प होती. डॉक्टरबाई हसल्या. "एवढंच, काकू. अंगावरचं दूध चालू ठेवा, खाणं बंद करू नका. शीतून रक्त पडलं, किंवा पाणी प्यायचं सोडलं, तर रात्र असली तरी घेऊन या."

खाली औषधाच्या दुकानात वेगळंच नाट्य झालं. दुकानदाराने झिंकची पट्टी काढली, कात्री घेतली आणि विचारलं, "किती कापू? पाच?" चिठ्ठीवर १४ स्वच्छ लिहिलं होतं. "जुलाब दोन दिवसांत थांबतात हो," तो म्हणाला. मी अख्ख्या १४ घेतल्या, पण मनात त्याचंच म्हणणं पटलं होतं.

घरी येऊन ती पिशवी उपसली. थोरल्या नातवाची २००९ सालची चिठ्ठी सापडली. तेव्हा त्याचंही वय जवळपास एवढंच होतं आणि तक्रारही हीच. त्या चिठ्ठीवर पाच ओळी होत्या. दोन औषधं एकत्र केलेलं अँटिबायोटिकचं सरबत, उलटीचे थेंब, पोटात मुरडा येऊ नये म्हणून आणखी थेंब, आतड्यातल्या चांगल्या जंतूंची पावडर आणि कोपऱ्यात तिरकं लिहिलेलं ओआरएस. झिंकचा पत्ता नव्हता. चिठ्ठी लिहिणारे डॉक्टर चांगले होते, पदवीधर होते, आमच्या तीन पिढ्यांना त्यांनी तपासलेलं. त्या दिवशी मला "एवढंच?" असं विचारावं लागलं नव्हतं, पाच ओळी पाहून समाधान वाटलं होतं.

२००९ मध्ये जुलाबात झिंक द्यावं ही जागतिक आरोग्य संघटनेची शिफारस पाच वर्षांची झालेली होती. मग ती आमच्या डॉक्टरांच्या टेबलापर्यंत का पोहोचली नाही? आणि पोहोचली असेल तर कागदावर का उतरली नाही? हे दोन प्रश्न वेगळे आहेत, आणि माझ्या मते दुसरा जास्त अवघड आहे.

झिंक म्हणजे आपलं जस्त. गोठ्यावरचा पत्रा, न्हाणीतली बादली, लोखंडाला गंज चढू नये म्हणून दिलेला मुलामा. या धातूशी आपली ओळख जुनी. उदयपूरजवळ जावर इथे जस्त गाळायच्या भट्ट्यांचे अवशेष सापडले आहेत. जस्ताची वाफ लगेच उडून जाते, ती पकडून थंड करायची युक्ती तिथल्या लोकांना शेकडो वर्षांपूर्वी जमली होती. युरोपात हे काम मोठ्या प्रमाणावर सुरू झालं ते अठराव्या शतकात. वैद्यांच्या बटव्यात यशद भस्म होतंच. पण माणसाला जगण्या-वाढण्यासाठी रोजच्या अन्नातून जस्त लागतं, ही गोष्ट मात्र अगदी अलीकडे, १९६० च्या दशकात सिद्ध झाली. आणि ती सिद्ध करणारा माणूस बिहारमधल्या बक्सरचा होता.

आनंद प्रसाद यांचा जन्म १९२८ चा. पाटण्याला वैद्यकीय शिक्षण झालं, पुढचं अमेरिकेत. १९५८ मध्ये ते इराणमधल्या शिराझला गेले. तिथे त्यांच्यासमोर एक रुग्ण आला. वय २१ वर्षं, दिसायला दहा वर्षांचा मुलगा. ना दाढी-मिशी, ना तारुण्याची दुसरी खूण. रक्तात लोह अगदी कमी, यकृत आणि प्लीहा वाढलेली. जेवण म्हणजे बिनखमिराची रोटी, आणि शिवाय तो माती खायचा. नुसत्या लोहाच्या कमतरतेने वाढ अशी खुंटत नाही, हे प्रसादांना ठाऊक होतं. उंदरांमध्ये आणि झाडांमध्ये जस्त कमी पडलं की वाढ थांबते हेही माहीत होतं. माणसातही तेच होत असेल अशी शंका त्यांनी १९६१ च्या लेखात मांडली, आणि पुढे इजिप्तमध्ये तशाच खुरटलेल्या मुलांवर काम करून जस्ताची कमतरता मोजून दाखवली. जस्त दिल्यावर ती मुलं वाढली. तरीही बरीच वर्षं अनेकांचा विश्वास बसला नाही. सगळ्या अन्नात थोडंफार जस्त असतं, मग ते कमी पडेलच कसं, असा सवाल होता.

कमी पडतं ते रोटीमुळे. आपल्याकडे भाकरी आणि डाळीमुळे. धान्याच्या कोंड्यात आणि कडधान्यांत फायटेट नावाचा पदार्थ असतो, तो जस्ताला धरून ठेवतो आणि आतड्यातून अंगात जाऊ देत नाही. मांस-मच्छी खाणाऱ्याला ही अडचण कमी, डाळ-भाकरीवर वाढणाऱ्या पोराला जास्त. त्यात भर म्हणजे शरीरात जस्ताची कोठी नाही. लोह साठतं, अ जीवनसत्त्व यकृतात साठतं, जस्ताचं मात्र रोज आणायचं रोज खायचं.

आता जुलाबाकडे या. आतड्याचं आतलं अस्तर दर चार-पाच दिवसांनी नवं होतं. एवढ्या वेगाने पेशी तयार व्हायच्या तर जस्त हवंच, कारण शरीरातल्या तीनशेहून जास्त विकरांना ते लागतं, आणि पेशी दुप्पट होण्याच्या कामात त्यातली बरीच गुंतलेली असतात. जंतूंनी अस्तर खरवडून काढलं की दुरुस्तीला जस्त पाहिजे, आणि नेमकं त्याच वेळी ते पातळ शीतून वाहून चाललेलं असतं. दुरुस्ती रेंगाळते, जुलाब लांबतात, आणखी जस्त जातं. मूल आधीच हडकुळं असेल तर हे चक्र लवकर सुटत नाही. जस्त दिलं की अस्तर लवकर सांधतं, आतड्यात पाणी ओतणाऱ्या काही वाटाही आखडतात, आणि प्रतिकारशक्तीला आधार मिळतो. हा आधार पुढे दोन-तीन महिने टिकतो, म्हणून पुन्हा जुलाब होण्याची शक्यता कमी होते.

हे पुस्तकी वाटेल, पण याची परीक्षा झाली ती दिल्लीच्या गल्ल्यांत. १९८० च्या दशकात दिल्लीतल्या डॉक्टरांनी जुलाबाच्या मुलांना जस्त देऊन पाहायला सुरुवात केली होती. मोठा प्रयोग झाला कालकाजीच्या गरीब वस्तीत. सुनील सझावल, रॉबर्ट ब्लॅक आणि एम्सचे महाराज किशन भान यांच्या गटाने ६ ते ३५ महिन्यांच्या ९३७ मुलांना दोन गटांत वाटलं. एका गटाला रोज २० मिलिग्रॅम जस्त, दुसऱ्याला तसंच दिसणारं सरबत पण जस्ताशिवाय. कोणाला काय मिळतंय हे ना आईला ठाऊक, ना तपासणाऱ्याला. १९९५ मध्ये निकाल छापून आला. जस्त मिळालेल्या मुलांमध्ये जुलाब चालू राहण्याची जोखीम २३ टक्क्यांनी कमी होती आणि पाण्यासारख्या शीची सरासरी संख्या ३९ टक्क्यांनी कमी. हेच भान पुढे रोटाव्हायरसच्या भारतीय लशीमागे उभे राहिले. एकाच आजारावर एका माणसाच्या हातून दोन कामं झाली, आणि तरी सामान्य वाचकाला त्यांचं नाव फारसं माहीत नाही, हे मला नेहमी खटकतं.

पुढची परीक्षा बांगलादेशातल्या मतलब भागात झाली. तिथे आठ हजारांहून जास्त मुलांवर दोन वर्षं काम झालं आणि २००२ मध्ये अहवाल आला. गावांचे गट पाडले. काही गटांत जुलाब झाला की ओआरएसबरोबर १४ दिवस जस्त, बाकीच्यांत नुसतं ओआरएस. जस्ताच्या गावांत जुलाबाचा मुक्काम साधारण चोवीस टक्क्यांनी आखूड झाला, जुलाब पुन्हा होण्याचं प्रमाण पंधरा टक्क्यांनी घटलं, आणि अपघात वगळता मुलांचे मृत्यू निम्म्यावर आले. त्या गावांत अँटिबायोटिकही कमी खपलं. हा शेवटचा मुद्दा लक्षात ठेवा. आईच्या हातात द्यायला काहीतरी असलं की दुसऱ्या दुकानात जायची घाई कमी होते.

मे २००४ मध्ये जागतिक आरोग्य संघटना आणि युनिसेफ यांनी मिळून निवेदन काढलं: जुलाबाच्या प्रत्येक मुलाला कमी क्षारांचं नवं ओआरएस आणि १० ते १४ दिवस जस्त, सहा महिन्यांवरच्या बाळाला २० मिलिग्रॅम, त्याहून लहानाला १०. भारतातल्या बालरोगतज्ज्ञांच्या संघटनेने तशाच सूचना काढल्या, आणि २००६-०७ पर्यंत केंद्र सरकारच्या कार्यक्रमातही झिंक आलं. आपल्याकडे नियम १४ दिवसांचा. दोन ते सहा महिन्यांच्या बाळाला अर्धी गोळी, पुढे पूर्ण.

निवेदन निघालं आणि काय झालं? राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीत घरोघर जाऊन विचारतात की गेल्या दोन आठवड्यांत मुलाला जुलाब झाले का, झाले तर काय दिलं. २००५-०६ च्या पाहणीत झिंक मिळालेली मुलं होती ०.३ टक्के. म्हणजे कालकाजीचा निकाल छापून दहा वर्षं झाली होती, आणि त्याच देशात तीनशेत एका मुलाला ते मिळत होतं. २०१५-१६ ला आकडा २०.३ टक्क्यांवर आला, २०१९-२१ ला ३०.५. ओआरएसचे आकडे याच क्रमाने २६, ५०.६ आणि ६०.६. मधल्या काळात २०१४ पासून दर पावसाळ्याच्या तोंडावर अतिसार नियंत्रण पंधरवडा सुरू झाला, आशाताई घरोघर ओआरएसच्या पुड्या आणि झिंकच्या गोळ्या घेऊन जाऊ लागल्या, आरोग्य केंद्रात ओआरएस-झिंकचा कोपरा मांडला गेला. सरकारी बाजू हलली. पण आपल्याकडे जुलाब झालेलं पोर बहुधा आधी खासगी दवाखान्यात जातं. गुंता तिथे आहे.

पहिला प्रश्न आधी घेऊ: माहिती. २००४ च्या आधी शिकून बाहेर पडलेल्या डॉक्टरला कॉलेजात झिंक शिकवलंच गेलं नव्हतं. नवी माहिती त्याच्यापर्यंत मुख्यतः येते ती कंपनीच्या प्रतिनिधीच्या बॅगेतून, आणि स्वस्त गोळीसाठी कोण पायऱ्या झिजवणार? शिवाय झिंक तोवर भेटलेलं असायचं ते टॉनिकच्या बाटलीवर, जीवनसत्त्वांच्या यादीत. त्यामुळे ते 'ताकदीचं औषध' या खान्यात जाऊन बसलं. ताकदीचं औषध परवडलं तर लिहायचं, चिठ्ठी लांब होतेय असं वाटलं तर पहिलं तेच गाळायचं.

आणि माहिती असली तरी ती अर्धी असू शकते. झिंक 'जुलाबावर' आहे हे ठाऊक, पण ते जुलाब थांबल्यावरही द्यायचं हे ठाऊक नाही, असे डॉक्टर मला भेटले आहेत. जुलाब थांबले की औषध बंद, हा हिशेब आपल्या सगळ्यांच्या डोक्यात इतका पक्का आहे की १४ दिवसांची गोळी चूक वाटते. माझ्या दुकानदाराची कात्री त्याच हिशेबाने चालत होती. दुसरी गफलत मिलिग्रॅमची. गोळीत असतं झिंक सल्फेट हा क्षार, शुद्ध जस्त नव्हे. सात रेणू पाणी धरलेला क्षार घेतला तर २० मिलिग्रॅम जस्तासाठी तो ८८ मिलिग्रॅम लागतो. एक रेणू पाण्याचा घेतला तर ५५. वेष्टनावर कोणता आकडा मोठ्या अक्षरात आहे ते न पाहता लिहिलं की मात्रा भलतीच होते. चिठ्ठीवर 'झिंक २०' लिहिणारा जस्ताचे २० म्हणतोय की क्षाराचे, हे विचारण्यात काही गैर नाही.

बांगलादेशने माहितीचा प्रश्न जोरात अंगावर घेतला. २००६ च्या शेवटी 'बेबी झिंक' नावाने विरघळणारी गोळी बाजारात आणली, टीव्हीवर जाहिराती केल्या, डॉक्टरांना आणि गावातल्या औषधवाल्यांना शिकवलं. वर्षभरात शहरातल्या बऱ्या वस्तीत दहातल्या नऊ आयांनी झिंकचं नाव ऐकलेलं होतं. पण दोन वर्षं होत आली तेव्हा प्रत्यक्ष गोळी मिळालेली मुलं शहरात चारात एक, आणि खेड्यात दहात एक. ऐकणं एकीकडे, देणं दुसरीकडे.

दुसऱ्या प्रश्नाचं सगळ्यात बोचरं उत्तर मला बिहारमधल्या एका अभ्यासात सापडलं. मनोज मोहनन आणि सहकाऱ्यांनी तो २०१५ मध्ये छापला. गावातल्या ३४० 'डॉक्टरांना' गाठलं. अवतरणचिन्ह अशासाठी की त्यातल्या शंभरात ऐंशींकडे वैद्यकीय पदवी नव्हती. गाव मात्र त्यांना डॉक्टरच म्हणतं, आणि पोर आजारी पडलं की त्यांच्याकडेच जातं. आधी त्यांना कागदावरचा रुग्ण दिला: असं-असं मूल आहे, तुम्ही काय द्याल? शंभरात बहात्तर म्हणाले, ओआरएस देऊ. मग काही दिवसांनी त्याच दवाखान्यांत बनावट बाप पाठवला. मूल घरी आहे, जुलाब लागलेत, औषध द्या. आता ओआरएस देणारे निघाले शंभरात सतरा. बाकीच्यांनी भलत्याच गोळ्या दिल्या. ज्याला जे माहीत होतं तेच त्याने केलं नाही.

हे वाचल्यावर आपलं मन लगेच पैशाकडे जातं. ओआरएसमध्ये काय सुटणार, अँटिबायोटिकमध्ये सुटतं, म्हणून देतात. मीही हेच म्हणत आले. पण हाच संशय तपासायला मोहनन, झॅकरी वॅग्नर आणि नीरज सूद यांच्या गटाने कर्नाटक आणि बिहारमधल्या २५३ गावा-शहरांत २२८२ खासगी दवाखान्यांवर प्रयोग केला. २०२४ मध्ये तो छापून आला. प्रयोग ओआरएसचा होता, झिंकचा नव्हे, पण दोन्ही एकाच चिठ्ठीवर येतात किंवा एकाच चिठ्ठीवरून गळतात, म्हणून इथे सांगते. बनावट बाप पुन्हा दवाखान्यात गेले, घरी दोन वर्षांचं मूल आहे म्हणाले. काहींनी स्वतःहून ओआरएस हवं असं सुचवलं. काहींनी अँटिबायोटिकची इच्छा दाखवली. काहींनी सगळं डॉक्टरवर सोडलं. काहींनी सांगितलं की औषध आम्ही दुसरीकडून घेणार, म्हणजे डॉक्टरला विक्रीतून काही मिळायचं कारणच उरलं नाही. निम्म्या दवाखान्यांना आधीच सहा आठवडे पुरेल एवढं ओआरएस फुकट पोचवलं होतं, की साठा नव्हता असं म्हणायला जागा नको.

निकाल काय लागला? साठा नसल्यामुळे ओआरएस न देण्याचा वाटा जेमतेम सहा टक्के. पैशाच्या लोभाचा पाच. आणि 'पेशंटला ओआरएस नको असतं' या डॉक्टरच्या समजुतीचा वाटा बेचाळीस टक्के. बापाने नुसतं ओआरएस हवं म्हटलं की ते लिहून देण्याचं प्रमाण शंभरात सत्तावीसने वाढलं. गंमत अशी की घराघरांत विचारलं तेव्हा ओआरएस चांगलं म्हणणारे लोक डॉक्टरांच्या अंदाजापेक्षा बरेच जास्त निघाले. ते घरी म्हणतात, दवाखान्यात म्हणत नाहीत.

म्हणजे डॉक्टर माझ्या "एवढंच?"ला घाबरतो. हे पटायला मला वेळ लागला, पण टेबलाच्या पलीकडे बसून बघा. बाजाराचा दिवस, बाहेर बाकावर तीस माणसं, आत एक आई, तिच्या खांद्यावर मलूल पोर. ती पोटाला चिमटा काढून दोन एसट्या बदलून आलीय. तिला जुलाब आज थांबायला हवेत. ओआरएसने जुलाब थांबत नाहीत, मूल वाचतं. झिंकने थांबतात, पण अर्धा-एक दिवस आधी, आणि तो अर्धा दिवस कोणाच्या डोळ्याला दिसत नाही. अँटिबायोटिक सरबताचंही काही चालत नाही, कारण लहान मुलांचे बहुतेक पाण्यासारखे जुलाब विषाणूंचे. पण ते तिसऱ्या दिवशी आपोआप थांबतात आणि श्रेय सरबत घेऊन जातं. नुसत्या पुडीवर परत पाठवलेली आई उद्या समोरच्या दवाखान्यात गेली तर? पाच ओळींची चिठ्ठी हा त्या भीतीचा विमा असतो. २००९ च्या आमच्या डॉक्टरांनी तो काढला होता, आणि हप्ता मी आनंदाने भरला होता.

हरियाणात फरिदाबादजवळ झालेल्या एका कामात याची उलटी बाजू दिसली. आरोग्य केंद्रांच्या हद्दीतले सरकारी आणि खासगी डॉक्टर, गावातले आरोग्यसेवक, सगळ्यांना झिंक आणि ओआरएस एकत्र द्यायला शिकवलं. धास्ती अशी होती की लोक गोळी घेतील आणि पुडी विसरतील. झालं उलटंच. झिंकच्या गावांत ओआरएसचा वापर कितीतरी वाढला आणि फालतू औषधं, सुया कमी झाल्या. गोळी दिसली की 'औषध' मिळाल्यासारखं वाटतं, आणि तिच्या मागून पुडीही घरात शिरते. २०१९ मध्ये जागतिक आरोग्य संघटनेने अत्यावश्यक औषधांच्या यादीत ओआरएस आणि झिंक एकाच पाकिटात असं घातलं, त्यामागचा विचारही हाच.

झिंकची पालखी नाचवायची नाही. सगळे प्रयोग एकत्र करून २०१६ मध्ये आढावा घेतला गेला, त्यात सहा महिन्यांवरच्या मुलांत जुलाबाचा मुक्काम सरासरी साडेअकरा तासांनी घटलेला दिसला, कुपोषित मुलांत सव्वीस तासांनी. सहा महिन्यांखालच्या बाळात फायदा दिसला नाही. उलटी मात्र वाढते, कारण जस्ताची चव धातूची, तोंडात रेंगाळणारी. २०२० मध्ये दिल्ली आणि टांझानियातल्या दार-ए-सलाममध्ये मिळून साडेचार हजार मुलांवर ५, १० आणि २० मिलिग्रॅमची तुलना झाली. कमी मात्रेने जुलाबात तेवढाच फायदा झाला आणि उलट्या कमी झाल्या. मात्रेचा हिशेब बदलण्याजोगा आहे. पण 'झिंक द्यायचं का' हा प्रश्न आता उरलेला नाही. चांगलं खाऊन-पिऊन वाढलेल्या मुलाला ते कमी उपयोगाचं असेल. आपल्याकडचं पाच वर्षांखालचं मूल कोणत्या गटात मोडतं हे आपल्याला माहीत आहे.

ओआरएसशी झिंकची बरोबरी करू नये. १९७१ मध्ये बनगावच्या निर्वासित छावणीत सलाइनच्या बाटल्या संपल्यावर दिलीप महालनबीस यांनी मीठ-साखर-सोड्याच्या पुड्या बांधून पिंपातून पाणी पाजायला लावलं आणि पटकीचे मृत्यू तीस टक्क्यांच्या घरातून चार टक्क्यांच्या खाली आणले. १९८० च्या सुमारास जगभर दरवर्षी पाच वर्षांखालची अंदाजे ४६ लाख मुलं जुलाबाने जायची. आज तो आकडा साडेचार लाखांच्या आत आहे. यातलं मोठं श्रेय पुडीचं आणि स्वच्छ पाण्याचं. झिंक त्या पुडीची धाकटी बहीण. पण धाकटीला घरी ठेवून थोरलीला एकटीला पाठवायचं कारण नाही.

आमच्या धाकट्याची गोष्ट थोडक्यात. चमच्यात गोळी ठेवली, वर थोडं आईचं दूध पिळलं. मिनिटभराच्या आत गोळी फसफसून पांढरा गाळ झाली. पहिल्या दिवशी त्याने तोंड वाकडं करून अर्धी बाहेर काढली. डॉक्टरबाईंना फोन केला. त्या म्हणाल्या, अर्ध्या तासाच्या आत उलटी झाली असेल तर पुन्हा द्या. तिसऱ्या दिवशी शी घट्ट झाली. डबीत अकरा गोळ्या उरल्या होत्या. सुनेने विचारलं, "आई, आता द्यायच्या का?" कात्रीवाल्याचं म्हणणं मला आठवलं, आणि बाईंची चिठ्ठीही. अकराही दिल्या.

तेव्हा तुमच्या घरात पाच वर्षांखालचं मूल असेल आणि त्याला जुलाब लागले, तर पुडी लगेच सुरू करा, दवाखान्यात जा आणि चिठ्ठी हातात आल्यावर संकोच न करता विचारा: "डॉक्टर, ओआरएस आणि झिंक लिहिलंय ना? झिंक किती दिवस?" डॉक्टरला ते माहीत असण्याची शक्यता बरीच आहे. तुम्हालाही ते हवंय, एवढं त्याला कळू द्या.